पाठ टेकल्यावर

नारायणगावच्या एसटी स्टँडवर रत्नदीपला सगळे ओळखायला लागले होते. पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीत आला म्हणून नव्हे. तसे पेन्शनवाले तालुक्यात पुष्कळ होते. हा माणूस सकाळी बोरी बुद्रुकहून यायचा आणि समोर लागली असेल त्या गाडीत चढून बसायचा, म्हणून.

“काय मेजर, आज कुठं?” कंट्रोलर खिडकीतून विचारायचा. फौजेतून आलेल्या प्रत्येकाला आपल्याकडं मेजरच म्हणतात, मग तो तिथं स्वयंपाकी का असेना.

“ही गाडी कुठं चाललीय?”

“ही? तळेघर.”

“मग तळेघर.”

“काय काम काढलं?”

“काय न्हाई. असंच.”

“राव, तुमच्या नावाची एक शीट राखून ठिवायला सांगतो म्हामंडळाला.”

आजूबाजूचे हसायचे. रत्नदीपही हसायचा. तळेघरला उतरून तो भाताच्या खाचरांच्या बांधावरून चालत सुटायचा, भीमाशंकरच्या रस्त्याला लागायचा आणि पाय दुखले की मिळेल त्या जीपला लटकून परत यायचा. त्याला कुठं जायचं नसायचं. घरी बसायचं नसायचं, एवढंच.

घर चांगलं होतं. त्याच्या पगारातून त्याच्या बायकोनं, कल्याणीनं, एकेक खोली वाढवत बांधलेलं. तो कधी आसामात, कधी काश्मिरात, आणि ती इकडं गवंड्यांशी भांडत असायची. फोन लागला की म्हणायची, “नदीकडचा तुकडा सपाट करायचा, पण ते तुमी आल्यावर. माळ्याला जिना करायचा, तुमी आल्यावर. मला एकदा भीमाशंकरचं जंगल बघायचंय. तेबी तुमी आल्यावर.” सगळं तो आल्यावर व्हायचं होतं. दोन हजार चार साली दिवाळीच्या तोंडावर तो कायमचा आला, तेव्हा तिचे पाय सुजायला लागले होते. मग तोंड सुजलं. पुण्याला नेल्यावर कळलं, दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. उन्हाळा लागायच्या आत ती गेली. रत्नदीपला घरात बसायची सवय अजून लागायची होती, आणि ती नसताना कशी लावायची हे सांगायला कुणी नव्हतं.

चुलीचा ओटा तिनं आपल्या उंचीनं करून घेतला होता. रत्नदीप उंच. भाकरी थापायची तर वाकावं लागायचं, आणि वाकलं की तो ओटा कुणाच्या उंचीचा ते आठवायचं. मग तो पीठ तसंच झाकून ठेवायचा आणि स्टँडचा रस्ता धरायचा.

त्यांना एक मुलगी होती, स्वप्ना. आई गेली तेव्हा पाचवीत. जलदान विधी झाला आणि कल्याणीची आई कोंडाबाई, घोडेगावची, नातीचे कपडे पिशवीत भरायला लागली. म्हणाली, “सुट्टीपुरती नेते.” सुट्टी संपली. स्वप्नाचं नाव घोडेगावच्या शाळेत घातलं गेलं. दर रविवारी रत्नदीप घोडेगावला जायचा. ओसरीवर टेकायचा, पाणी प्यायचा, उठायचा, दारापर्यंत जायचा, परत टेकायचा.

“अहो पावणं, खाली मुंग्या हायेत का काय?” कोंडाबाई म्हणायची.

“न्हाई मामी.”

“मग बसा की. पोर तुमच्याकडं बघून भिरभिरती.”

एकदा त्यानं धीर करून विचारलं, “मामी, स्वप्नाला घरी न्यावं म्हणतो.”

कोंडाबाई तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, “न्या की. तुमचीच हाय. घरी कोण असतं?”

“मी असतो.”

“तुमी? तुमी घरात दिसलात असं सांगणारा एक माणूस दावा मला. अहो, तुमी तळेघरला असता, जुन्नरला असता, आळ्याला असता. पोरीनं शाळंतनं येऊन कुलपाशी बोलायचं का?” मग तिनं नातीच्या डोक्याकडं बोट केलं. “अन् वेणी? वेणी येती का घालायला? लांब केस हायेत, तिच्या आयशीवानी. कापू म्हनलं तर रडती.”

वेणी काही येत नव्हती. स्वप्ना खाली बघत पायाच्या अंगठ्यानं सारवण उकरत होती.

“जूनमदी नवं वर्ग लागत्यात. आता न्हाई, पुढच्या जूनला बघू,” कोंडाबाई म्हणाली. “तवर घरात बसायला शिका अन् वेणी घालायला शिका. दोन्ही जमलं तर न्या.”

म्हणजे त्याच्याकडं वर्षभर होतं.

परतताना मंचरला गाडी बदलायची होती. तो स्टँडसमोरून चालला असताना वरून आवाज आला. धप्, धप्, मधे थोडं थांबून पुन्हा धप्. रत्नदीपनं तो आवाज झोपेतही ओळखला असता. पलटणीच्या बॉक्सिंग टीमला त्यानं अकरा वर्षं दिली होती. आवाज धरमचंद शेठच्या कापडदुकानाच्या माडीवरून येत होता. तो जिना चढला.

माडीवर शेठचा मुलगा अरिहंत वाळूच्या पोत्याला गुद्दे घालत होता. चुकीचे घालत होता. मनगट वाकवून.

“मनगट मोडंल,” रत्नदीप दारातूनच म्हणाला.

“तुम्ही मारून दाखवा,” अरिहंत म्हणाला, थोडा रागानंच.

रत्नदीपनं चपला काढल्या. त्यानं पोत्याला नेमके किती गुद्दे मारले ते त्याला आठवत नाही. थांबला तेव्हा वाळू शिवणीतून गळत होती आणि अरिहंत तोंड उघडं टाकून बघत होता. पण रत्नदीपच्या ध्यानात दुसरीच गोष्ट आली. इतका वेळ तो एका जागी उभा होता आणि त्याला कुठं जावंसं वाटलं नव्हतं.

अरिहंतला नवीन नाद लागला होता. त्याच्याकडं परदेशातल्या लढतींच्या सीड्या होत्या. जाळीच्या पिंजऱ्यात दोन माणसं; गुद्दे चालतात, लाथा चालतात, कुस्तीही चालते. मुंबई-पुण्याच्या काही पोरांनी तसलेच सामने इकडं सुरू केले होते, लग्नाच्या हॉलमध्ये नाहीतर बंद पडलेल्या शेडमध्ये. अरिहंतनं त्याला बसवून नियम सांगितले.

“आणि मेजर, एक लक्षात ठेवा. इथं पाठ लागली म्हणजे कुस्ती संपली असं नसतं. खाली पडलेला माणूससुद्धा लढतो. एक तर गडी बेशुद्ध पडला पाहिजे, नाहीतर त्यानं हात आपटून हार मानली पाहिजे, नाहीतर पंचांनी थांबवलं पाहिजे. तोपर्यंत चालू.”

“कळलं,” रत्नदीप म्हणाला. आणि त्याला कळलं होतंही, डोक्याला.

खालून धरमचंद शेठ जिना चढून आले. त्यांच्या गाद्या सापडत नव्हत्या. गिऱ्हाईक बसायच्या पांढऱ्या गाद्या अरिहंतनं माडीवर जमिनीला अंथरल्या होत्या.

“मेजर, तुम्हीच सांगा,” शेठ म्हणाले. “आमच्या घरात जमिनीखालचा बटाटा खात नाहीत, जीव मरतील म्हणून. अन् हा दिवटा माणसांची टाळकी फोडायला निघालाय.”

“मी नाही फोडणार, बाबूजी. मेजर फोडणार.”

“मग पाप मेजरांना अन् गाद्या माझ्या!”

रत्नदीप हसला. कल्याणी गेल्यानंतर मोठ्यानं हसल्याची ती पहिलीच वेळ असावी, कारण हसून झाल्यावर त्याला जरा चोरट्यासारखं झालं.

त्या हिवाळ्यात भोसरीच्या एका शेडमध्ये पहिली लढत झाली. समोर कराटेवाला होता, वयानं कितीतरी लहान. त्यानं दोन लाथा मारल्या, तिसरी मारायला पाय उचलला आणि रत्नदीपचा डावा हात त्याच्या जबड्यावर बसला. पोरगं बसलं ते उठलंच नाही. दुसरी लढत ठाण्याला. तीही अशीच, उभ्या उभ्या, गुद्द्यांवर. तिसरीला वेळ लागला. समोरचाही बॉक्सर होता. रत्नदीप जिंकला, पण डोळा मिटला, ओठ फुटला.

जाळीचं दार बाहेरून बंद झालं की त्याच्या अंगातली धावाधाव थांबायची. तिथून जायला वाटच नसायची. समोर एक माणूस, त्याचे हात, त्याचे डोळे. बाकी कुणी आठवायचं नाही. दार उघडलं की पुन्हा सगळं सुरू. लढतीच्या दुसऱ्या दिवशी तो स्टँडवर असायचाच.

गावानं मात्र वेशीवर फ्लेक्स लावला. ‘बोरीचा वाघ.’ फोटो कुणीतरी त्याच्या फौजेतल्या ओळखपत्रावरून मोठा केला होता, त्यामुळं वाघ फार सज्जन दिसत होता.

“वाघ म्हनं,” कुशाबा वस्ताद फ्लेक्सखाली थांबून म्हणाले. “ह्यो तर तलाठी वाटतोय.”

कुशाबा म्हणजे गावच्या तालमीचे वस्ताद, आता सत्तरीच्या पुढचे. रत्नदीप पोरवयात असताना बौद्धवाड्यातला तालमीत जाणारा तो एकटाच होता, आणि त्याला मातीत घेतलं ते कुशाबांनी. चार लोक कुरकुरले तेव्हा म्हणाले, “मातीला इचारून आलोय. ती काय म्हनली न्हाई.” त्याच कुशाबांनी एकदा त्याला भर जत्रेत कानफटात मारली होती. रत्नदीपनं समोरच्या पोराला चीत केलं, पाठ लागली, लोकांनी टोप्या उडवल्या, तरी ईर्षेनं तो त्याला दाबतच राहिला. कुशाबा आखाड्यात शिरले. “पाठ टेकली की हात सुटला पायजे! पडल्याला हात द्यायचा, उठवायचा, त्याच्या पाठीची माती झाडायची. ते जमत न्हाई त्यानं कुस्ती खेळू नये.” त्यानंतर तालमीत रोज, महिनोन् महिने, वस्तादांनी त्याच्याकडून तेवढंच करून घेतलं. पाड, सोड, उठव, माती झाड. पुढं तो फौजेत गेला, बॉक्सर झाला, कुस्ती मागं पडली. अंगात ती तशीच राहून गेली.

डोळा मिटलेला आणि ओठ फुटलेला असतानाच रविवार आला. न जावं असं त्याला वाटलं, पण रविवार चुकवणं त्याच्यानं होईना. गॉगल लावून तो घोडेगावला गेला.

स्वप्ना ओसरीवरच होती. “पप्पा,” म्हणून उठली, जवळ आली आणि त्यानं गॉगल काढला. ती तिथंच थांबली. त्याच्या तोंडाकडं बघत राहिली, मग मागं सरली आणि आत गेली ती बाहेर आलीच नाही. तो हाका मारत राहिला. “अगं, काय न्हाई झालं. दोन दिसात उतरंल.”

“तिच्या आयलाबी तुमी असंच म्हनला व्हता,” कोंडाबाई म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. “दोन दिसात उतरंल. पोर दाराआड हुबी व्हती तवा. आईचं सुजल्यालं तोंड बघितलंय तिनं. डोळं मिटल्यालं, व्हट असं. पुढं काय झालं त्येबी बघितलंय.”

रत्नदीप ओसरीच्या कडेला टेकला. त्या दिवशी तो बराच वेळ एका जागी बसला, पण ते बसणं कोंडाबाईनं मोजावं असं नव्हतं.

“मामी, अजून एक लढत हाय. मे महिन्यात. शबूद दिलाय.”

“द्या की शबूद. जगाला द्या.” तिनं पदर खोचला. “माजं एवढंच ऐका पावणं. ह्याच्यापुढं असं तोंड घेऊन माज्या दारात आलात, तर पोरीचं नाव हितल्या शाळंत कायमचं. मग जून न्हाई अन् जुलै न्हाई. येकदा आई गेल्याली बघितली तिनं. आता बाप रोज थोडा थोडा जाताना न्हाई दावायचा मला.”

गाडीत बसल्यावर त्याला वाटलं, मंचरला उतरावं आणि अरिहंतला सांगावं, जमणार नाही. मंचर आलं, तो उतरला, माडीवर गेला आणि पोत्यासमोर उभा राहिला. सांगणं राहून गेलं. खरं म्हणजे शब्द हे निमित्त होतं. ती लढतही गेली तर उरलेल्या दिवसांचं काय करायचं, हे त्याला माहीत नव्हतं.

पण तोंड सुजायला नको होतं. एवढी गोष्ट त्यानं पक्की केली. गुद्दे मारायला जायचं म्हणजे गुद्दे खावे लागणार. तेव्हा ही लढत गुद्द्यांची करायचीच नाही. जवळ जायचं, कंबर धरायची, उचलायचा आणि आपटायचा. म्हणजे कुस्ती. तो कुशाबांकडं गेला.

बोरीला कुकडी नदीच्या दरडीत पांढऱ्या, राखेसारख्या मातीचा पट्टा आहे. पूर्वी बाया ती भांडी घासायला न्यायच्या. मऊ माती, पडलं तरी लागत नाही. तिथं कुशाबा बाभळीखाली उकिडवे बसून सांगायचे आणि तालमीतले दोन तगडे गडी रत्नदीपशी झोंबायचे. कुशाबा काठीनं त्याच्या पोटरीवर टोचत राहायचे. “पाय! पाय कुठाय? फौजेनं तुला हुबं ऱ्हायला शिकिवलं, आता वाकायला शीक.”

दम खायला थांबलं की रत्नदीप बाभळीला बांधलेला दोर सोडायचा, त्याचे तीन पेड उकलायचा आणि पुन्हा विणायचा. डावा मधे, उजवा मधे.

“ह्यो कुठला डाव?” कुशाबांनी विचारलं.

“वेणी.”

वस्तादांनी काठी खाली ठेवली. “आवळून घालू नगं,” ते म्हणाले. “आमची लेक पारू लहानपणी म्हनायची, आवळली की डोकं दुखतं.”

मे महिन्यात भोसरीला शेड भरली. पत्रे तापलेले. अरिहंतनं यावेळी बापालाही आणलं होतं. शेठ नाकाला रुमाल लावून शेवटच्या रांगेत बसले होते, डोळे मिटायच्या तयारीत. कुशाबा धोतर सावरत जाळीला खेटून उभे. समोर केरळकडचा एक सडपातळ पोरगा होता. हातापायांनी लांब, बोलायला गोड. आत शिरल्यावर त्यानं रत्नदीपला वाकून नमस्कार केला.

“पोरगं संस्कारी हाय,” कुशाबा म्हणाले. “संबाळून घे.”

“वस्ताद, हा खाली पडला की जास्त डेंजर असतो,” अरिहंत म्हणाला. “मेजर, ऐकलं ना? खालून लढतो हा.”

“ऐकलं,” रत्नदीप म्हणाला.

शिट्टी झाली. पोरानं एक-दोन गुद्दे हवेत टाकले. रत्नदीपनं तोंड हातांत झाकलं आणि आत शिरला. एक गुद्दा दंडावर बसला, एक डोक्याला घासून गेला, तोंडाला काही लागलं नाही. त्यानं पोराचा हात खांद्यावरून ओढला, वळला, कमरेत वाकला. कुशाबांची काठी पोटरीला टोचल्यासारखी वाटली आणि पाय आपोआप जागेवर आला. पोरगं त्याच्या पाठीवरून गेलं आणि गादीवर पडलं. धोबीपछाड. दोन्ही खांदे एकदम टेकले. तसली कुस्ती जत्रेत झाली असती तर लोकांनी त्याला खांद्यावरून खाली उतरू दिलं नसतं. कुशाबा जाळीला धरून ओरडले, “चीत! चीत हाय!”

आणि रत्नदीपचा हात सुटला.

त्यानं सोडला नाही, सुटला. तो पोरावरून उठला, एक पाऊल मागं झाला, श्वास घेतला आणि खाली वाकून पोराला उठवायला हात पुढं केला. पाठीची माती झाडायला दुसरा हातही तयार होता. गादीवर माती नव्हती हे त्याच्या नंतर ध्यानात आलं.

पोरगा क्षणभर गोंधळला. मग त्यानं तो हात धरला, दोन्ही हातांनी, आणि ओढला. त्याचे लांब पाय रत्नदीपच्या छातीवरून आणि मानेवरून आडवे आले. जग उलटं झालं. रत्नदीप पाठीवर होता, त्याचा उजवा हात पोराच्या मांड्यांमध्ये अडकला होता आणि कोपर उलट्या बाजूला वाकत चाललं होतं.

पहिल्यांदा त्याला राग आला. संपली होती कुस्ती. पाठ टेकली होती, सगळ्यांनी बघितली होती. आणखी काय पाहिजे होतं? मग अरिहंतचा आवाज आला, “मेजर, हात आपटा! आपटा हात!”

हार मानायची सवय त्याला ना तालमीनं लावली होती ना पलटणीनं. तालमीत पाठ टेकली की संपायचं, आपण काही म्हणायची गरज नसायची. पलटणीत तर तो शब्दच नव्हता. इथं मात्र कुणी संपवणार नव्हतं. आपणच सांगायचं, संपलं. तो दात खाऊन राहिला. कोपरात काहीतरी कडकन वाजलं. पंच वाकून त्याच्या तोंडाकडं बघत होते. तोंडाला काही झालेलं नव्हतं. कोंडाबाईला दाखवता येईल असं तोंड होतं. आणि हा हात? हा गेला तर राहील एक. दोर विणताना एका हातानं पेड धरता येतो, पण फिरवता येत नाही.

रत्नदीपनं डावा हात गादीवर आपटला. एकदा, दोनदा, मग पंचांनी पोराला सोडवेपर्यंत आपटतच राहिला.

पोरगं उठलं आणि त्यानंच रत्नदीपला हात दिला. शेडमध्ये हसू पसरलं होतं. मागून कुणीतरी ओरडलं, “काय मेजर, सलाम ठोकत व्हता का?”

कुशाबा जाळीच्या दारात आले. रत्नदीपला वाटलं, आता कानफटात बसणार. म्हातारा ओठ चावत उभा होता.

“गाढवा,” ते म्हणाले, “पिंजऱ्यात कुनी हात देतं व्हय?”

“तुमीच शिकिवलं वस्ताद.”

“मी शिकिवलं. म्हनून तर.” त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं रत्नदीपची पाठ पुसली.

अरिहंत घायकुतीला आला होता. “मेजर, जिंकलेली लढत होती ती! पुन्हा लावू. ऑगस्टमध्ये लावतो, ह्याच पोराशी. कोपर बरं होईल तोवर.”

आणि रत्नदीपला ऑगस्ट हवासा वाटला. ते खोटं कशाला सांगायचं? हात लोंबत असताना, हसू ऐकू येत असताना त्याला पुन्हा ते दार बंद व्हायला हवं होतं. त्यानं होकार द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात धरमचंद शेठ रांगेतून पुढं आले. त्यांनी हाताशी असलेल्या पिशवीतून कापडाचा तुकडा काढला, दातानं फाडला आणि रत्नदीपच्या गळ्यात हाताची झोळी बांधली.

“पोरीला आणायचंय ना तुम्हाला जूनला?” गाठ मारता मारता ते म्हणाले. “अरिहंतच सांगत होता. मग ऑगस्टचं काय विचारतोय हा मूर्ख?”

रत्नदीपनं तोंड मिटलं.

रविवारी तो घोडेगावला गेला. झोळी शेठच्या दुकानातल्या फुलाफुलांच्या कापडाची होती. रंग बघायला तेव्हा कुणाला वेळ नव्हता. कोंडाबाईनं आधी तोंड बघितलं, दोन्ही बाजूंनी, बाजारात बैल बघावा तसं. मग हात.

“ह्ये काय?”

“हरलो मामी.”

“मारला कुनी?”

“न्हाई. कोपर मुरगाळलं. मोडायच्या आत मीच हार मानली.”

“तुमी?” कोंडाबाई त्याच्याकडं बघत राहिली. “कल्याणी म्हनायची, ह्यांना ताप आला तरी मानीत न्हाईत म्हनून. कशी काय मानली?”

रत्नदीपनं झोळीची गाठ सारखी केली. स्वप्ना दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तीही तोंडच बघत होती. मग जवळ आली, त्याच्या गालाला एक बोट लावून बघितलं आणि झोळीवरच्या फुलांकडं बघून म्हणाली, “पप्पा, हे ब्लाउजचं कापड आहे.”

“व्हय का?”

“परत मारामारीला जाणार?”

रत्नदीपला आता खोटं बोलायचं नव्हतं. “जावंसं वाटतं,” तो म्हणाला. “जाणार न्हाई.”

स्वप्नानं आजीकडं बघितलं. मग ती त्याच्या पुढ्यात पाठ करून बसली, रिबिनी सोडल्या आणि केस मोकळे केले.

केस दोरासारखे नव्हते. निसटत होते. उजवं कोपर झोळीत अडकलेलं, त्यामुळं त्याला वाकडं होऊन, गुडघ्यांत तिचे खांदे धरून बसावं लागलं. बोटं चालत होती. डावा मधे, उजवा मधे. दोनदा सुटली, तो पुन्हा पहिल्यापासून लागला. कोंडाबाई सूप मांडीवर घेऊन बघत होती. एकदा तिचा हात मदतीला पुढं आला आणि परत गेला. शेवटी वेणी झाली. डाव्या कानाकडं सरकलेली, मधेच जाड, मधेच बारीक.

“आवळली का गं?” त्यानं विचारलं.

“नाही.”

कोंडाबाई सूप ठेवून उठली. “रिबीन खाली पडलीया,” ती म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळानं आतून ट्रंक ओढल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तिची बडबड, “ह्यो फ्रॉक आता व्हत न्हाई तिला. ह्यो न्हेऊन काय करता?” रत्नदीप उठून आत गेला नाही. ती कल्याणीची आई होती. तिलाही थोडा वेळ हवा होता.

जूनमध्ये बोरीची शाळा उघडली. पहिल्या दिवशी सकाळी रत्नदीप लवकरच आवरून बसला. भाकऱ्या झाल्या होत्या, जळक्या पण झाल्या होत्या. ओट्यापुढची फरशी उकरून उभं राहायला खड्डा करावा, असं स्वप्नानं सुचवलं होतं. ओटा उंच करायचं दोघांच्याही तोंडून निघालं नाही.

बाहेर रस्त्यावरून नारायणगावच्या गाडीचा भोंगा वाजला. रत्नदीपचे पाय ओढले गेले. रोजच्यासारखे. ते काही थांबणार नव्हतं, त्याला ठाऊक होतं. छातीतली घाई गाडीबरोबर धावतच राहते. त्याचं कोपर अजून सरळ होत नव्हतं. अरिहंतचा फोन कालही येऊन गेला होता.

“पप्पा, हलू नका ना,” स्वप्ना म्हणाली. “तिसरा पेड सुटेल.”

भोंगा पुन्हा वाजला. त्याच्या दोन्ही हातांत केस होते. उठता येण्यासारखं नव्हतं. त्यानं डावा पेड मधे घेतला, उजवा मधे घेतला, आणि गाडी निघून गेल्याचं त्याला मागाहून कळलं.